गोंडवनाखालचा गोटा

दक्षिण आफ्रिकेच्या कारू पठारावर, ब्राझीलच्या कोळसाखाणीत, ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागात नाहीतर थेट अंटार्क्टिकाच्या बर्फात काम करणारा एखादा भूशास्त्रज्ञ घ्या. तो कोणत्याही देशाचा असो, कोणतीही भाषा बोलणारा असो, त्याच्या तोंडी एक शब्द हमखास येतो. तो शब्द ना ग्रीक आहे, ना लॅटिन. आपल्या मध्य भारतातल्या जंगलातून तो जगभर गेला आहे. तो शब्द म्हणजे ‘गोंडवाना’.

गोंडांचे वन ते गोंडवन. गढा-मंडला, देवगड, खेरला आणि चांदा ही गोंडांची राज्ये जिथे नांदली, तो हा मुलूख. आमच्या गोंदिया शहराचे नाव मात्र गोंडांवरून नव्हे, तर ‘गोंद’ म्हणजे डिंकावरून पडले असे सांगतात. डिंक आणि लाख यांचा व्यापार इथे चाले. पण सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतल्या रानात गोंडांची वस्ती आहे आणि जिल्हा त्या जुन्या मुलखाचाच भाग आहे.

याच जिल्ह्यातल्या एका शाळेत मी तीस वर्षे भूगोल शिकवला. आठवी-नववीच्या वर्गात ‘पूर्वी आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया हे भूखंड एकत्र होते, त्या महाखंडास गोंडवाना म्हणतात’ हे वाक्य आले की एखादा पोरगा हटकून विचारायचा, “सर, हा गोंडवाना म्हणजे आपलाच का जी?” या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेही आहे आणि ‘नाही’ असेही. नाव आपले आहे, यात शंका नाही. पण आमच्या पायाखालचा खडक त्या महाखंडापेक्षाही कितीतरी जुना आहे. आमच्याकडे दगडाला गोटा म्हणतात. या गोट्याची गोष्ट समजून घेतली नाही, तर इथे धान का पिकतो, तलाव इतके का आहेत आणि बोअरवेल कोरडी का जाते, यांपैकी कशाचाच उलगडा होत नाही.

नाव गेले कसे?

नागपूरला १८४५ च्या सुमारास स्टीफन हिस्लॉप नावाचा एक स्कॉटिश मिशनरी आला. धर्मप्रसार आणि शाळा हे त्याचे काम, पण नजर सतत जमिनीवर. नागपूरच्या आसपास फिरून त्याने दगडांतले जीवाश्म गोळा केले. कामठीच्या बाजूच्या वालुकाश्मात त्याला झाडपाल्याचे ठसे मिळाले. हंटर या सहकाऱ्याबरोबर त्याने नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर निबंध लिहिला.

या माणसाला दुसराही छंद होता. गोंडांची गाणी, कथा, चालीरीती तो टिपून ठेवी. गोंडांच्या पोरांना महादेवाने गुहेत कोंडले आणि लिंगोने त्यांना सोडवले, ही लिंगोची कथा त्याने एका प्रधानाकडून ऐकून उतरवली. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची पुरातन शिलावर्तुळे पाहून परतताना तो नाल्याच्या पुरात बुडून वारला. त्याचे कागद रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडची गुहा हीच ती लिंगोच्या कथेतली गुहा, अशी गोंडांची श्रद्धा आहे. माघ पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते.

ज्याने गोंडांच्या उत्पत्तीची कथा लिहून ठेवली, त्यानेच गोंडवाना खंडाची पानेही वेचली. त्याला स्वतःला मात्र हा दुवा माहीत नव्हता, कारण त्या खडकांना ‘गोंडवाना’ हे नाव त्याच्या मृत्यूनंतर पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातल्या मेडलिकॉटने १८७२ मध्ये मध्य भारतातल्या या कोळसा असलेल्या थरांसाठी हा शब्द योजला. फाइस्टमँटेलने १८७६ मध्ये तो छापला. पुढे १८८५ मध्ये ऑस्ट्रियाचा एडुआर्ड झ्यूस याने दक्षिणेकडच्या भूखंडांतले सारखेच थर पाहून एका मोठ्या जुन्या भूमीची कल्पना मांडली आणि तिला नाव दिले ‘गोंडवाना भूमी’. झ्यूसला वाटे की मधली जमीन समुद्रात खचली. भूखंडच सरकले असतील, हे त्याच्या मनात आले नव्हते.

पान, बर्फ आणि चुंबक

ते जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनरच्या मनात आले. १९१२ मध्ये त्याने भूखंड वाहतात असे जाहीरपणे मांडले. १९१५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. तज्ज्ञांनी त्याची टर उडवली. १९३० मध्ये तो ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावला, तेव्हाही त्याचे म्हणणे मान्य झालेले नव्हते. गंमत अशी की त्याच्या बाजूचे तीन चांगले पुरावे आपल्या आसपासच पडलेले होते.

पहिला पुरावा पानाचा. ग्लॉसॉप्टेरिस नावाची, आता नामशेष झालेली एक वनस्पती होती. जिभेच्या आकाराचे पान, मधोमध ठळक शीर. कामठी, उमरेड, चंद्रपूर या पट्ट्यातल्या कोळशाच्या थरांबरोबर तिचे ठसे सापडतात. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट आणि त्याचे साथीदार मेले. त्यांच्याजवळ सुमारे १६ किलो दगड होते. मरणाच्या दारातही त्यांनी ते ओझे टाकले नव्हते. त्या दगडांत निघाले तेच ग्लॉसॉप्टेरिसचे पान. या झाडाचे बी काही समुद्र ओलांडून इतक्या दूर जाणारे नव्हते.

दुसरा पुरावा बर्फाचा. चांद्याजवळ इरई येथे जुन्या चुनखडकावर समांतर ओरखडे आहेत. वाहत्या हिमनदीने तळाशी दगड अडकवून खडकावरून घासत नेले की असे ओरखडे उठतात. फेडन याने १८७५ मध्ये त्यांविषयी लिहिले. मे महिन्यात चंद्रपूरला गेलेल्या माणसाला तिथे एके काळी हिमनदी होती हे सांगून पाहा, तो तुमच्याकडे संशयाने पाहील. पण सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हा भाग दक्षिण ध्रुवाच्या अंगाला होता आणि त्यावर बर्फाचा थर होता.

तिसरा पुरावा चुंबकाचा. लाव्हा थंड होताना त्यातले लोहकण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेत गोठतात. त्या दिशेचा कल मोजला की लाव्हा कोणत्या अक्षांशावर थिजला ते कळते. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये दख्खनच्या काळ्या पाषाणाची अशी मोजणी प्रसिद्ध केली. पुढे १९५८ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी क्लेगबरोबर राजमहालच्या लाव्हावर तसेच काम केले. आज विसाव्या अक्षांशाच्या आसपास असलेला दख्खनचा पाषाण थिजला तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे तिसाव्या अक्षांशावर होता. वेगेनर खरा ठरू लागला होता.

दुधावरची साय

भूखंड सरकतात कसे, हे १९६० च्या दशकात स्पष्ट झाले. दूध तापत ठेवले की वर साय धरते. खालचे दूध हलते तशी साय सरकते, एका जागी फाटते, दुसऱ्या जागी तिच्या घड्या पडतात. पृथ्वीचे बाहेरचे कवचही असे मोठमोठ्या तुकड्यांत फाटलेले आहे. या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. त्यांची जाडी सर्वसाधारणपणे शंभर किलोमीटरच्या आसपास असते. महासागरांच्या मधोमध जे लांबच लांब डोंगर बुडालेले आहेत, तिथे खालून तप्त रस वर येतो, नवा तळ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो. दुसऱ्या टोकाला हा तळ जड होऊन पुन्हा पृथ्वीच्या पोटात बुडतो. म्हणूनच महासागरांचा तळ तरुण आहे. वीस कोटी वर्षांहून फारसा जुना तळ आजच्या मोठ्या महासागरांत मिळत नाही.

जमिनीचा खडक मात्र हलका असतो, म्हणून तो बुडत नाही. सायीप्रमाणे तो वरच राहतो. फाटतो, दुसऱ्या तुकड्याला जाऊन चिकटतो, पुन्हा फाटतो, पण राहतो. जुन्या गोधडीला जशी नवी ठिगळे जोडत जावीत तसे भूखंड तयार होतात. अशा गोधडीत सर्वांत जुनी जी कापडे असतात, त्यांना भूशास्त्रज्ञ क्रेटॉन म्हणतात. आमचा गोंदिया जिल्हा बस्तरच्या क्रेटॉनच्या उत्तर टोकावर बसलेला आहे.

आमगावच्या आसपासच्या शेतांत, नाल्यांत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा खडक दिसतो. मराठीत त्याला पट्टिताश्म म्हणतात. भूशास्त्राच्या ग्रंथांत तो ‘आमगाव नाइस’ या नावाने नोंदला गेला आहे. तालुक्याच्या या लहानशा गावाचे नाव असे विज्ञानात जाऊन बसले आहे, हे गावातल्या किती जणांना ठाऊक असेल? सालेकसा-दरेकसा भागातले डोंगर रायोलाइटचे आहेत, म्हणजे ज्वालामुखीच्या रसाचे आणि राखेचे. शेजारी डोंगरगडच्या बाजूला त्याच काळातला ग्रॅनाइट आहे. या खडकांचे वय अडीच अब्ज वर्षांच्या घरात जाते. याच क्रेटॉनमध्ये दक्षिणेला, बस्तरात, साडेतीन अब्ज वर्षांचे खडकही मिळाले आहेत. मुंबई-हावडा मार्गावर दरेकसाच्या डोंगरात गाडी शिरते, तेव्हा खिडकीबाहेर दिसणाऱ्या त्या ज्वालामुखीच्या काळात पृथ्वीवर ना झाड होते, ना मासा, ना किडा. होते ते फक्त सूक्ष्म जीव.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पट्टिताश्म हा खडक उघड्यावर तयार होत नाही. कित्येक किलोमीटर खोलवर, प्रचंड दाब आणि उष्णता यांत तो घडतो. तो आज आमगावच्या शेतकऱ्याच्या नांगराला लागतो, याचा अर्थ त्याच्या वरचे सगळे किलोमीटर झिजून वाहून गेले. आज सपाट दिसणाऱ्या या धानपट्ट्यावर एके काळी डोंगर होते.

विदर्भ एक्स्प्रेसचा हिशेब

अब्ज, कोटी हे आकडे ऐकून डोके बधिर होते. वर्गात मी पोरांना विदर्भ एक्स्प्रेसचा हिशेब सांगत असे. गोंदियाहून मुंबईपर्यंतचे अंतर ढोबळमानाने एक हजार किलोमीटर धरा. दरेकसाचा खडक तयार झाला तेव्हा गाडी गोंदियाहून सुटली आणि आज ती मुंबईच्या फलाटाला लागते आहे, अशी कल्पना करा. मग एक किलोमीटर म्हणजे पंचवीस लाख वर्षे झाली, आणि एक मीटर म्हणजे अडीच हजार वर्षे.

गाडी निघाली. नागपूर गेले, वर्धा गेले. बडनेऱ्यापासून जळगावपर्यंतच्या टप्प्यात, म्हणजे सुमारे एकशेसाठ ते शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या काळात, आमच्या उत्तरेला मोठी घडामोड झाली. बुंदेलखंडाचा क्रेटॉन आणि बस्तरचा क्रेटॉन हे दोन ठोकळे एकमेकांना येऊन भिडले. ही टक्कर एका झटक्यात संपली नाही, टप्प्याटप्प्याने झाली. मध्ये जो उथळ समुद्र होता, त्याच्या तळाचा गाळ चेमटला, भाजला, उभा-आडवा दुमडला. त्या गाळात मँगनीज होते. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, आणि बालाघाटजवळच्या भरवेलीच्या खाणी या त्या दुमडलेल्या समुद्रतळातल्या आहेत. गोंदियाहून बालाघाटच्या गाडीत बसलात की तासाभरात तुम्ही हा सांधा ओलांडता. तिकीट तपासणारा काही सांगत नाही, पण तुम्ही एका जुन्या खंडावरून दुसऱ्याकडे निघालेले असता.

पुढे मनमाड मागे पडते आणि नाशिक यायच्या आत गोंडवाना महाखंड जुळून येतो. कसाऱ्याजवळ चांद्यावर बर्फ असतो. तिथून थोडे पुढे आले की दलदलीतल्या ग्लॉसॉप्टेरिसच्या रानांचा कोळसा होत असतो. खडवलीच्या सुमारास महाखंड फाटू लागतो. आधी आफ्रिका सुटते, मग अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया, नंतर मादागास्कर. भारत एकटा उत्तरेकडे निघतो. भांडुपजवळ दख्खनचा लाव्हा उसळतो आणि डायनोसॉर संपतात. घाटकोपरला भारताची आशियाशी टक्कर सुरू होते आणि हिमालय उचलला जाऊ लागतो. आपली मानवजात जन्मते ती शेवटच्या शंभर-सव्वाशे मीटरमध्ये, गाडी फलाटावर शिरल्यावर. माझे सत्तर वर्षांचे आयुष्य या हिशेबात तीन सेंटिमीटरही भरत नाही. पोरे हसायची, पण हिशेब विसरायची नाहीत.

गोंडवाना या नावाचा महाखंड या प्रवासात नाशिकच्या अलीकडे-पलीकडे आला आणि खडवलीनंतर गेला. आमचा गोटा त्याच्या आधी होता, त्याच्या पोटात होता आणि तो फुटल्यानंतरही आहे. वर्गातल्या त्या प्रश्नाचे हे उत्तर.

कापूस कुठे, धान कुठे

आता जमिनीवर येऊ. नागपूर शहर हे विदर्भाच्या भूगोलाचे उंबरठ्यावरचे गाव आहे. सीताबर्डीची टेकडी काळ्या पाषाणाची, म्हणजे दख्खनच्या लाव्हाची आहे. तिथून पश्चिमेला वर्धा, अमरावती, यवतमाळकडे हा पाषाण पसरत जातो. तो कुजून काळी माती होते. काळी माती ओल धरून ठेवते, त्यावर कापूस होतो. पूर्वेला लाव्हा संपतो आणि जुना स्फटिकमय खडक उघडा पडतो. कापसाचा विदर्भ आणि धानाचा विदर्भ यांच्यामधली रेघ पावसाने जितकी आखली, तितकीच या खडकांनी आखली आहे.

कोळशाचेही तसेच. गोंडवाना खंड ताणला जाऊन जिथे लांब चर खचले, तिथे गाळ साचला आणि कोळसा जपला गेला. वर्धा-गोदावरीचे खोरे हा असाच एक चर. आमचा ठोकळा खचला नाही. त्यामुळे गोंडवनात राहूनही गोंदियाच्या वाट्याला गोंडवाना कोळसा आला नाही. तिरोड्याच्या औष्णिक वीजकेंद्रात जळतो तो कोळसा बाहेरून रेल्वेने येतो.

म्हणजे आमच्याकडे काळी कसदार जमीन थोडी, कोळसा नाही. आमच्या वाट्याला आला तो टणक खडक, त्याच्या उंचवट्यांच्या टेकड्या, झिजलेले सखल भाग आणि वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. खरडी, सिहार, मोरंड, कन्हार अशी मातीची नावे आमचा शेतकरी घेतो, आणि कोणत्या बांधीत कोणता धान लावायचा ते त्यावरून ठरवतो.

मुरमाखालचे पाणी

टणक खडकाच्या अंगी स्वतःची ओल नसते. वाळूच्या थरात कणाकणांमध्ये पाणी राहते, तसे पट्टिताश्मात राहत नाही. पाणी असते ते दोनच ठिकाणी: वरच्या कुजलेल्या मुरमात आणि खालच्या भेगांत. मुरमाचा थर काही मीटरांचा. तो तयार व्हायला लाखो वर्षे लागली आहेत. भेगा म्हणजे जुन्या टकरींचे, जुन्या ताणांचे व्रण. त्या जिथे आहेत तिथे आहेत, नाहीत तिथे नाहीत.

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने शेतात बोअर मारायचे ठरवले. नारळ हातावर उभा धरून चालणारा पाणाड्या आला, जागा दाखवून गेला. यंत्र लागले. शंभर फूट, दोनशे फूट, तीनशे फूट. पांढऱ्या-करड्या भुकटीखेरीज काही निघेना. भाऊ मला म्हणाला, “दादा, खाली नुसता गोटाच गोटा आहे.” दुसरा बोअर दीडशे पावलांवर मारला, तिथे सव्वाशे फुटांवर भेग लागली आणि पाणी आले. पहिल्या बोअरचे पैसे मात्र भुकटीत गेले, आणि ते कर्जाचे होते. पुढे चार वर्षांत आजूबाजूला आणखी बोअर झाले आणि आमच्या भेगेचे पाणी उन्हाळ्यात उतरू लागले. भेग म्हणजे काही झरा नाही. ती एक फट आहे. वरून जेवढे मुरते तेवढेच ती देते.

जुन्या लोकांनी भूशास्त्र वाचले नव्हते, पण हा गोटा त्यांना कळला होता. पाणी खाली जात नाही ना, मग वरच अडवू, असा त्यांचा सरळ हिशेब. चांद्याच्या गोंड राजांनी जंगल तोडणाऱ्याला जमीन आणि तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन देऊ केली, असे परंपरा सांगते. कोहळी समाजाने या कामात पिढ्यान्‌पिढ्या घालवल्या. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने बांधलेला नवेगावबांधचा तलाव आजही भरतो. टेकड्यांच्या मधली अरुंद जागा हेरायची, तिथे मातीची पाळ घालायची, बाजूने सांडवा सोडायचा, खाली पाट काढायचे. कुजून झिजलेला सखल भाग म्हणजे तलावाचे पोट, न झिजलेल्या कठीण खडकाच्या टेकड्या म्हणजे त्याच्या भिंती. अर्धे काम पृथ्वीने करून ठेवले होते. त्यांनी ते ओळखले, हे त्यांचे मोठेपण. लहान बोड्या आणि मोठे तलाव मिळून गोंदिया-भंडारा भागात ते हजारोंनी आहेत.

१९५१ मध्ये मालगुजारी संपली. तलाव सरकारच्या ताब्यात गेले. जमीनदारी गेली हे उत्तमच झाले, पण तलावाची काळजी कोणाची, हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळत राहिला. गाळ भरला, पोटात बेशरम माजली, काठ शेतात गेले. महाराष्ट्रात उरलेले थोडे सारस पक्षी जवळपास सगळे याच धानाच्या बांध्यांवर आणि तलावांवर जगतात. तलाव गेला तर धान जाईल, विहीर आटेल आणि सारसही जाईल.

स्थिर म्हणवणारी भूमी

‘दख्खनचे पठार ही अतिप्राचीन, स्थिर भूमी आहे’ असे पाठ्यपुस्तकात असायचे. १९६७ च्या डिसेंबरात कोयना हादरली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला धक्का बसला. त्या पहाटे आमच्याकडेही भांडी वाजली आणि माणसे अंगणात आली. जबलपूरचा भूकंप नर्मदेच्या खोऱ्यातल्या खोल जुन्या भेगेवर झाला. भारताचा भूपट्ट आजही वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या गतीने ईशान्य-उत्तरेकडे आशियात घुसतो आहे. माझ्या आयुष्यात गोंदिया साडेतीन मीटर सरकले. या रेट्याचा ताण हिमालयात सर्वाधिक असला, तरी पठारातल्या जुन्या सांध्यांवरही तो येतो. शिवणीची गोधडी ताणली की टाका जिथे कमजोर, तिथे उसवते. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही, पण घर आणि शाळा बांधताना निष्काळजी राहण्याचेही नाही. किल्लारीत माणसे मेली ती मुख्यतः सैल रचलेल्या जड दगडी भिंतींखाली.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक गावच्या शाळेत नाहीतर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक फलक असावा: या गावाखाली कोणता खडक आहे, मुरूम किती खोल आहे, पाणी कोणत्या महिन्यात किती उतरते. भूशास्त्र खात्याचे नकाशे आहेत, भूजल खात्याकडे विहिरींची मोजमापे आहेत. ती कपाटातून काढून भिंतीवर लावायची आहेत. बोअर मारण्याआधी शेतकऱ्याने तो फलक पाहावा. तलावाचा गाळ काढताना यंत्राने तळाची चिकण मातीही खरवडून नेऊ नये, नाहीतर पाणी मुरमात जिरून जाते आणि तलाव खोल होऊनही रिकामा राहतो. हे सांगणारा एक माणूस त्या वेळी पाळीवर उभा असावा.

विदर्भ एक्स्प्रेसच्या हिशेबात नवेगावबांधचा तलाव बारा सेंटिमीटरचा आहे. खालचा गोटा हजार किलोमीटरचा. तो गोटा आपल्याने बदलणार नाही, आणखी कोणत्या महाखंडात जाईल तेही आपण ठरवणार नाही. पण त्याच्यावर साठलेले पाणी पुढच्या पिढीला मिळेल की नाही, हे या चार-दोन पावसाळ्यांत आपण पाळीचे आणि गाळाचे काय करतो यावर ठरणार आहे.